समुद्राकाठी आंबोलीची हवा : एका कॅनिंग कारखान्यातल्या जनरेटरचं प्रकरण

मी सिंधुदुर्ग-रत्नागिरी पट्ट्यात वीजजोडणीची आणि जनरेटरची कामं करतो. हे प्रकरण त्यातलंच एक. मालकांना विचारून लिहितोय, पण गावाचं आणि कारखान्याचं नाव देत नाही. यात चुका बऱ्याच आहेत आणि त्यातल्या दोन माझ्या आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

पार्श्वभूमी

देवगड तालुक्यात एका खाडीच्या तोंडाशी हापूसचा पल्प डबाबंद करणारा छोटा कारखाना आहे. एप्रिलच्या मध्याला भट्टी पेटते आणि पाऊस लागेपर्यंत चालते. वर्षाचा धंदा त्या पन्नासेक दिवसांत. आंबा पिकला की तो कोणासाठी थांबत नाही. पल्पर, फिनिशर, केटलचे ढवळे, डबे बंद करायचं सीमर, बॉयलरचा पंप आणि मागे शीतगृह, असा सगळा भार.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. पोल आडवे झाले, तारा तुटल्या आणि ऐन हंगामात कारखाना अंधारात बसला. शीतगृहातला माल गेला, अढीतला आंबा डोळ्यांदेखत उतरला. त्यानंतर मालकांनी जनरेटर घ्यायचाच, असं ठरवलं. नव्या संचाचा आकडा ऐकून ते जुन्याकडे वळले. महाबळेश्वरच्या बाजूला एका हॉटेलातला १२५ केव्हीएचा (केव्हीए म्हणजे जनरेटरची क्षमता मोजायचं माप) संच विकायला होता : सहा सिलिंडरचं, हवा दाबून आत घेणारं टर्बो इंजिन, कॅनोपीसकट म्हणजे आवाज अडवणाऱ्या पेटीसकट, चाललेले तास कमी. आम्ही जाऊन बघितला. हॉटेलवाल्यांनी चालू करून दाखवला. आवाज स्वच्छ, धूर नाही, पाण्याचा काटा जागचा हलेना.

परतताना घाट उतरताना गाडीत मालक म्हणाले, "एवढ्या उंचावर, विरळ हवेत चालतो, म्हणजे आपल्याकडे तर घोड्यासारखा पळेल." मी मान हलवली. इंजिनापुरतं ते बरोबरही होतं. महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा शेकडा पंधराने कमी असतो. तेवढा प्राणवायू प्रत्येक घोटात कमी. टर्बो त्यातलं बरंचसं भरून काढतो, साध्या इंजिनाला मात्र दर ३०० मीटरला सुमारे तीन टक्के ताकद सोडावी लागते. खाली आलं की ही वजाबाकी संपते. संचाच्या पाटीवरचा आकडा असतो तो २५ अंश सेल्सिअस आणि १०० किलोपास्कल दाबाच्या हवेचा. दाब आपल्याकडे फुकट मिळतो. २५ अंशांचं काय, हे त्या गाडीत कोणी काढलं नाही.

जागा

संच ठेवायला चिऱ्याची खोली बांधली होती, चौदा फूट बाय बारा, वर पत्रा. कॅनोपीवाला संच खरं तर उघड्यावर ठेवण्यासाठीच बनवलेला असतो. आवाज एक मीटरवर ७५ डेसिबलच्या आत ठेवायचा नियम आल्यापासून ही पेटी येते आणि हवा कुठून घ्यायची, कुठे सोडायची हे त्या पेटीपुरतं ठरलेलं असतं. पण इथे पाऊस आडवा येतो. खारी हवा पत्र्याला दोन वर्षांत चाळणी करते. शेजारचं घर तीस फुटांवर. म्हणून मालकांनी पेटी आणखी एका पेटीत घातली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कोकणात दहातले आठ जण हेच करतात.

दार पश्चिमेला, खाडीच्या बाजूला. संच दारातून सरकवत आत नेला, त्यामुळे रेडिएटरचं तोंड दाराकडेच राहिलं. सायलेन्सरचा पाइप भिंतीतून बाहेर काढला. रेडिएटरची गरम हवा मात्र खोलीतच सुटत होती. पूर्वेला दोन फूट बाय दोन फुटांची एक खिडकी.

अडचण

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी वीज गेली, संच सुरू झाला, सगळं चाललं आणि पाऊण तासाने बंद पडला. पॅनेलवर पाण्याचं तापमान वाढल्याची खूण. अर्धा तास थांबून परत सुरू केला, परत तेच. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा झालं तेव्हा केटलमध्ये पल्प होता. ढवळे थांबले, तळाशी करपलं आणि वरचा रंग केशरी सोडून काळपट तपकिरी झाला. ती अख्खी केटल ओतून द्यावी लागली. हापूसच्या पल्पात रंग गेला की सगळं गेलं.

ऑपरेटर गावातलाच, पन्नाशीचा माणूस. त्याचा प्रश्न सरळ होता : "थंय येवस्थित चलत होतो, मग हंय कित्याक चलणा नाय?"

मालकांनी आधी इंजिनाच्या मिस्त्रीला बोलावलं. शीतगृहाचा कॉम्प्रेसर उचलताना विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून ४८ च्या खाली जात होती, म्हणून मिस्त्रीने निदान केलं की घाटावर काळा धूर येतो म्हणून कोणीतरी इंजिनाच्या इंधनपंपातून येणारं डिझेल कमी करून ठेवलंय. आणि ते खरं निघालं. पंपाचं सील तुटलेलं होतं. विरळ हवेत पूर्ण डिझेल दिलं तर ते जळत नाही, धूर होतो, म्हणून तिकडे मात्रा उतरवतात. मिस्त्रीने ती वाढवली. कॉम्प्रेसर झटक्यात उचलू लागला, सगळे खूश. दुसऱ्या दिवशी संच पाऊण तासाऐवजी अर्ध्या तासात बंद पडला.

इथे पहिला निर्णय चुकला, आणि फोनवर मला विचारल्यावर "बघा वाढवून" असं मीच म्हटलं होतं. डिझेल वाढवलं की उष्णताही वाढते. आधीच्या उष्णतेला बाहेर जायला वाट आहे की नाही, हे बघितल्याशिवाय पंपाला हात लावायला नको होता. क्रम उलटा झाला.

कारणाचा शोध

मी गेलो तो क्लॅम्प मीटर (तारेभोवती धरून अँपिअर मोजायचं), दोन थर्मामीटर आणि उदबत्तीचा पुडा घेऊन. उदबत्ती बघून मालक म्हणाले, "आता पूजा घालता की काय?"

भार १४३ अँपिअर भरला. पूर्ण भाराला १७४. म्हणजे शेकडा ८२, पाटीच्या आकड्याने काहीच जास्त नाही. बाहेर आंब्याच्या सावलीत ३४ अंश होते. कॅनोपी जिथून हवा ओढते तिथे सुरुवातीला ३५. वीस मिनिटांनी ४५. चाळीस मिनिटांनी ५२. पाणी त्याच्यामागोमाग चढत गेलं आणि १०३ ला संच थांबला. पाणी आणि आत येणारी हवा यांच्यातलं अंतर शेवटपर्यंत पन्नासेक अंशच राहिलं. रेडिएटरचा हा स्वभावच आहे. त्याला हवा जेवढी गरम द्याल, तेवढं पाणी वर बसतं, जवळजवळ अंशाला अंश.

उदबत्ती रेडिएटरच्या तोंडाजवळ धरली. धूर दारापर्यंत गेला, बंद दारावर आपटला, पत्र्याखालून वळला आणि कॅनोपीच्या मागच्या जाळीत परत शिरला. पूर्वेच्या खिडकीशी धरलेल्या दुसऱ्या उदबत्तीचा धूर सरळ वर चालला होता. बाहेरची हवा आत येतच नव्हती. तीच हवा गोल गोल फिरून दर फेरीला तापत होती.

किती तापणार? ८० किलोवॅट वीज काढायची तर रेडिएटर साधारण पन्नास किलोवॅट उष्णता हवेत टाकतो, शिवाय इंजिन आणि अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग) यांच्या अंगची वेगळी. दोन-दोन किलोवॅटचे पंचवीस हीटर त्या खोलीत लावून दार ओढून घेतल्यासारखं.

आता उंचीचा हिशोब. हवा गरम झाली की फुगते, तेवढ्याच जागेत कमी मावते. किनाऱ्यावरची ५२ अंशांची हवा घनतेने २५ अंशांच्या हवेपेक्षा आठ टक्क्यांहून जास्त हलकी असते. सावंतवाडीहून घाट चढून ६९० मीटरवर आंबोलीला गेलं की २५ अंशांची हवा जवळपास तेवढीच हलकी मिळते. म्हणजे समुद्र दगड मारण्याच्या अंतरावर, आणि खोलीतलं इंजिन श्वास घेतंय आंबोलीत. त्यात मे महिन्यातला आपला दमटपणा. ३४ अंशांना, ६५ टक्के आर्द्रतेत, हवेतले शेकडा तीन-साडेतीन भाग नुसती वाफ असते, ती प्राणवायूची जागा अडवते.

हे मालकांना सांगितल्यावर त्यांनी लगेच पकडलं : "आंबोलीच ना? महाबळेश्वर तर त्याच्या दुप्पट उंच. तिथे का नाही बंद पडला?"

प्रश्न रास्त होता. महाबळेश्वरची वीस अंशांची हवा आमच्या ५२ अंशांच्या हवेपेक्षाही हलकी आहे, हे खरं. तेव्हा प्राणवायू कमी पडला म्हणून संच थांबला, असं म्हणता येत नाही. संच थांबला थंड होऊ न शकल्याने. उंची इंजिनाची ताकद कमी करते. उष्णता ताकद तर कमी करतेच, शिवाय थंड व्हायची वाटही बंद करते. महाबळेश्वरला रेडिएटरला वीस अंशांची हवा मिळत होती आणि हॉटेलचा भार होता दिवे, पंखे, एक पाण्याचा पंप. मी नंतर हॉटेलात फोन करून विचारलं, साठ अँपिअरच्या वर तो संच कधी गेलाच नव्हता. आमच्यासमोर चालवून दाखवला तोही नुसत्या दिव्यांवर. भार टाकून बघा, असं म्हणायचं मला तेव्हा सुचलं नाही. ही माझी दुसरी चूक.

अजून एक गोष्ट हाती लागली. रेडिएटरच्या एका बाजूने टॉर्च धरली आणि दुसऱ्या बाजूने बघितलं, तर खालच्या तिसऱ्या भागातून उजेडच येईना. इंजिनाच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून येणारी तेलाची वाफ, आमची तांबडी धूळ आणि खारा ओलावा मिळून पाकळ्यांमध्ये गोधडीसारखा थर बसला होता. नखाने उचलला तर तुकडा अख्खा निघाला.

अल्टरनेटरचंही गणित आहे. त्याची पाटी बहुधा ४० अंश आणि १००० मीटरपर्यंतची असते. ४० च्या पुढे दर पाच अंशांना तीनेक टक्के सोडायचे. ५२ अंशांना १२५ चे ११६ उरतात. आमचा भार १०३ केव्हीएच्या आसपास. चालून जातं, पण कॉम्प्रेसर उचलायला हात फारसा मोकळा राहत नाही.

समोरचे पर्याय

एका विक्रेत्याने १६० केव्हीएचा नवा संच सुचवला होता. दहा लाखांच्या वरचं काम, आणि तो मोठा संच त्याच खोलीत ठेवला असता तर जून उजाडायच्या आत तोही तापला असता. मालक मात्र त्या बाजूला झुकले होते, कारण नवीन यंत्र घेतलं की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो.

संच बाहेर काढून उघड्या शेडखाली ठेवणं हा सगळ्यात सोपा आणि स्वस्त उपाय. कॅनोपी त्यासाठीच असते. मी यावर बराच अडून बसलो होतो. पण मालकांच्या शेजाऱ्यांशी आधीच बोलाचाली झालेली, शिवाय खाडीचा वारा थेट अंगावर. सोडून दिलं.

भार कमी करणं आमच्या हातात होतं. वीज गेल्यावर शीतगृह तासभर बंद ठेवलं तरी आतलं तापमान फारसं चढत नाही. केटल चालू असताना कॉम्प्रेसर लावायचा नाही, असं ठरवलं तर तीसेक अँपिअर वाचतात. पण ते ऑपरेटरच्या डोक्यावर टांगती तलवार ठेवण्यासारखं, त्याला दोन्हीकडे धावावं लागणार.

उरला मार्ग : खोली तीच, पण हवेला एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर अशी वाट करून द्यायची.

काय केलं आणि कुठे फसलं

पहिल्यांदा मालकांनी परस्पर गावच्या वायरमनकडून दोन एक्झॉस्ट फॅन बसवून घेतले, वर पत्र्याजवळ. दोनेक अंशांचा फरक पडला. गरम हवा खोलीत सोडायची आणि मग पंख्याने उपसायची, म्हणजे होडीचं भोक तसंच ठेवून पाणी उपसत बसायचं.

मग आम्ही रेडिएटर धुतला. पंख्याच्या हवेच्या उलट दिशेने, म्हणजे बाहेरून इंजिनाकडे, हलक्या धारेने, साबणाचं पाणी लावून. जोराच्या धारेने पाकळ्या वाकतात. रेडिएटरचं झाकण दाब धरत नव्हतं, तेही बदललं. पंपाचं डिझेल तूर्त आधीच्या खुणेवर आणून ठेवलं. रेडिएटरच्या तोंडाला जाड कॅनव्हासची कॉलर, पुढे पत्र्याचा डक्ट (हवा वाहून नेणारा बंद मार्ग) आणि दार काढून पश्चिमेच्या भिंतीतून गरम हवा थेट बाहेर. आत येण्यासाठी पूर्वेची खिडकी तोडून रेडिएटरच्या चौकटीच्या दीडपट मोठी जाळी केली.

सकाळी चाचणी घेतली. आत येणारी हवा ३६, पाणी ८६. दोन तास काटा हलला नाही. मी जेवून निघालो. चार वाजता फोन : पाणी ९९.

ऑपरेटर म्हणाला, "सायबानू, वारो सुटलो काय पाणी तापता." हे तो मला पहिल्या दिवशीही म्हणाला होता. तेव्हा डक्टच नव्हता, म्हणून मी ते कानामागे टाकलं.

दुपारी जमीन तापली की खारे वारे सुटतात, पश्चिमेकडून, आणि आमच्या डक्टचं तोंड पश्चिमेलाच होतं. रेडिएटरचा पंखा हवा ढकलायला बनवलेला असतो, पण त्याची ताकद बेताची. बाहेर पडणाऱ्या हवेला साधारण १२ मिलिमीटर उंच पाण्याच्या दाबापेक्षा जास्त अडथळा झाला की हवेचं प्रमाण झपाट्याने घटतं. आमचा डक्ट मुळातच एक वळण घेऊन जात होता. वर समोरून समुद्राचा वारा. डक्टच्या तोंडाशी उभा राहिलो तर गरम झोत अंगावर यायच्या ऐवजी पाठीवरच्या वाऱ्याने शर्ट आत ओढला जात होता.

आता दोन पर्याय होते. तोंडापुढे वारा अडवायला भिंत घालायची, किंवा संचच फिरवायचा. भिंत दोन दिवसांत झाली असती. पण ती डक्टपासून पुरेशी लांब ठेवायला जागा नव्हती आणि जवळ घातली तर तीच अडथळा. मालकांना संच फिरवणं नको होतं : डिझेलची लाइन, केबल, सायलेन्सर सगळं उलटं करायचं, तेही हंगामात. शेवटी हिशोब एका वाक्यावर आला. वारा रोज दुपारी येणार आणि वीजही बहुतेक दुपारीच जाते.

रविवारी आंब्याची आवक कमी होती, तेव्हा फिरवला. चेन ब्लॉक, चार पाइप, सहा माणसं. दीड टनाच्या वरचं धूड इंचाइंचाने वळवताना कोणी बोलत नव्हतं, फक्त मुकादमाचा "हो... हो... थांब" एवढा आवाज. संध्याकाळी सातला रेडिएटरचं तोंड पूर्वेला आलं, डक्ट सरळ, एकही वळण नाही. आत येणारी हवा मात्र थेट पश्चिमेकडून घेतली नाही, नाहीतर खार सरळ अल्टरनेटरच्या अंगात. पश्चिमेचं दार परत लावलं आणि उत्तरेच्या भिंतीत, पडवीखाली, आडव्या झडपांची मोठी जाळी केली. हवा एक वळण घेऊन येते, जड थेंब बाहेरच राहतात.

परिणाम

दुसऱ्या दिवशी ऐन वाऱ्याच्या वेळी, साडेतीनला, मुद्दाम मेन स्विच पाडून संच पूर्ण भारावर घेतला. आत येणारी हवा ३७. पाणी ८५. डिझेल मग अर्ध्या खुणेने वाढवलं, तेव्हा ८८ ला थांबलं आणि कॉम्प्रेसर उचलताना फ्रिक्वेन्सी ४९ च्या खाली गेली नाही. पंप आता प्रयोगशाळेत नेऊन नीट बांधून सील करून घ्यायचा आहे, असा अंदाजपंचे फिरवलेला ठेवणं बरोबर नाही. त्या हंगामात सगळ्यात लांबची खेप साडेपाच तासांची झाली. एकदाही बंद पडला नाही.

एकूण खर्च सव्वा लाखाच्या आत बसला. त्यात त्या पहिल्या डक्टचा वाया गेलेला पत्रा आणि ते दोन एक्झॉस्ट फॅन धरलेले आहेत. ओतून दिलेली केटल धरलेली नाही.

शेजाऱ्यांची तक्रार मात्र आली, आता डक्टचं तोंड त्यांच्या अंगणाच्या बाजूला. डक्टच्या आत आवाज शोषणारं अस्तर लावून थोडा फरक पडला. पूर्ण नाही.

पुन्हा करायचं झालं तर

थर्मामीटर पहिल्या दिवशी. स्वस्तातला सुद्धा चालतो, पण तो कॅनोपीच्या जाळीपाशी टांगायचा, भिंतीवर नाही. त्याने मिस्त्री बोलावण्याआधीच उत्तर दिलं असतं.

जुना संच घेताना तो कुठे चालत होता यापेक्षा कितीवर चालत होता, हे विचारेन. आणि भाड्याने लोड बँक (खोटा भार टाकायचं यंत्र) नेऊन पाऊण भारावर तासभर चालवल्याशिवाय पैसे द्यायला सांगणार नाही. घाटावरून खाली येणाऱ्या संचाच्या पंपाचं सील आधी बघेन.

खोलीची दिशा वाऱ्यावर ठरवेन. आपल्याकडे घर बांधताना पाऊस कुठून मारतो हे बघूनच पडवी काढतात, जनरेटरच्या खोलीला मात्र रस्ता जिकडे तिकडे दार. आणि ऑपरेटर काय म्हणतो ते लिहून घेईन, तेव्हा अर्थ लागला नाही तरी.

संच बाहेर शेडखाली ठेवायचा पर्याय मी लवकर सोडला का, याबद्दल मनात अजून किंतु आहे. मोठ्या जाळ्या केल्यावर खोलीत पावसाळी हवा भरपूर खेळते. जुलैत मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून बघितलं तर अल्टरनेटरच्या गुंडाळीचा रोध मेपेक्षा बराच उतरला होता, एक मेगाओहमच्या जेमतेम वर. तेव्हापासून हंगाम संपला की जाळ्यांवर ताडपत्री, अल्टरनेटरमध्ये ओल धरू नये म्हणून छोटा हीटर सतत चालू आणि दर पंधरवड्याला अर्धा तास भारावर फेरी. ताडपत्री काढल्याशिवाय संच सुरू करायचा नाही, हे दारावर खडूने लिहिलं होतं. पावसाने पुसलं. आता रंगाने लिहून घेतलंय.